सीट पुढे ओढली की एअरबॅगचा दिवा लागतो, काय करू?

वाचकांचे गाडीविषयी प्रश्न आणि उत्तरं. पाऊस सुरू झाला की एअरबॅगच्या दिव्याची पत्रं येतातच, यंदाही तेच. त्यातलं डिचोलीचं पत्र सगळ्यात कामाचं वाटलं म्हणून त्याला लांबलचक उत्तर दिलंय, बाकीच्यांचं थोडक्यात उरकलंय, राग मानू नका.

प्रश्न: भाऊ, आमची सेकंडहँड घेतलेली मोठी सेडान आहे. मिस्टर उंच, ते सीट मागे सरकवून चालवतात तेव्हा काही होत नाही, पण मी सीट पुढे ओढून बसले की म्हापशाला पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी एअरबॅगचा दिवा लागतो आणि गाडी बंद करेपर्यंत जात नाही. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर ड्रायव्हर सीट पोझिशन सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला म्हणाला. त्याने कोड उडवला, चार दिवसांनी परत आला. आता म्हणतो एअरबॅगचा ईसीयूच, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, गेलाय, तो बदलायला लागणार, आणि किंमत ऐकून मिस्टरांनी विषयच सोडून दिला. बदलू का? की दिवा तसाच ठेवून चालवू? — एक वाचिका, डिचोली

उत्तर: ताई, ईसीयू बदलू नका. तुमच्या पत्रातच अर्धं निदान लिहिलंय, मागे असताना ठीक आणि पुढे ओढली की बिघाड, म्हणजे जे काही बिघडलंय ते सीटबरोबर सरकतंय. ईसीयू बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली बोल्टने पक्का बसवलेला असतो, तुमची सीट पुढे आली काय मागे गेली काय त्याला त्याचं सोयरसुतक नाही. संशय घ्यायचा तो सीटखालच्या वायरीवर, कनेक्टरवर आणि मग सेन्सरवर, ह्याच क्रमाने.

हा सेन्सर असतो कशाला ते आधी सांगतो, म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलायला बरं पडेल. एअरबॅग फुगते डोळ्याची पापणी लवायच्या आत, साधारण ३० मिलिसेकंदात, त्यामुळे स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या माणसाला तिचाच मार बसू शकतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत बुटक्या बायका आणि लहान मुलं ह्या जोरदार एअरबॅगमुळे दगावली, त्यावरून तिथे २००० साली नियम बदलला, २००३ च्या सप्टेंबरपासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि गाड्यांत दोन टप्प्यांच्या एअरबॅगा सर्रास दिसायला लागल्या. दोन टप्प्यांची म्हणजे आत फुगवायचे दोन स्फोटक बार, टक्कर हलकी असेल किंवा माणूस जवळ बसलेलं असेल तर एकच बार जोरात काम करतो, दुसरा उशिरा उडतो. आता माणूस जवळ बसलाय हे गाडीला कळणार कसं? तर सीट किती पुढे आहे त्यावरून. सीटच्या रुळावर एक छोटा सेन्सर आणि समोरच्या पट्टीवर एक लोखंडी पत्रा, सीट सरकली की पत्रा सेन्सरच्या खाचेत येतो किंवा बाहेर जातो. बस्स, एवढंच यंत्र आहे. किती इंच पुढे ते हा मोजत नाही, पुढे की मागे एवढंच सांगतो.

बहुतेक गाड्यांत हा हॉल इफेक्टचा सेन्सर असतो, म्हणजे आत एक चुंबक आणि एक चिप, मधे पत्रा आला की चुंबकाची रेषा अडते आणि चिप आपला करंट बदलते. वायरी दोनच. एका स्थितीत ५ मिलिअँपच्या आसपास करंट, दुसऱ्या स्थितीत १५ च्या आसपास, कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे. इथे इंजिनिअरची हुशारी बघा, साधं बटण लावलं असतं तर बटण उघडं असणं आणि वायर तुटणं ईसीयूला सारखंच दिसलं असतं, इथे मात्र करंट शून्य झाला म्हणजे वायर तुटली, फार वाढला म्हणजे शॉर्ट, आणि ५ किंवा १५ म्हणजे सगळं ठीक. म्हणून ईसीयू जेव्हा सेन्सरचा कोड टाकतो तेव्हा तो बऱ्याचदा सेन्सरबद्दल तक्रार करत नसतो, मला करंट नीट मिळत नाही एवढंच सांगत असतो. कोडात ज्या पार्टचं नाव आलं तो पार्ट बदलायचा ही आपल्याकडची सवय इथेच महागात पडते, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने तर कोडात नाव नसलेला पार्ट सांगितलाय, धन्य आहे.

आता तपासायचं कसं. स्कॅनर एसआरएस, म्हणजे एअरबॅगची सिस्टीम, वाचणारा हवा. बाजारात मिळणारे ईएलएम ३२७ वाले स्वस्त डोंगल इंजिनचे पी ने सुरू होणारे कोड वाचतात, एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. कोड उडवायच्या आधी लिहून घ्यायचा, तो चालू आहे की जुना साठवलेला आहे हेही लिहायचं, आणि कोडच्या वर्णनात ओपन (म्हणजे वायर तुटली) लिहिलंय की शॉर्ट की चुकीचा सिग्नल ते बघायचं कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. मग लाईव्ह डेटात, म्हणजे गाडी त्या क्षणी काय सांगतेय त्या यादीत, ड्रायव्हर सीट पोझिशनची ओळ काढायची आणि स्कॅनरवर डोळा ठेवून सीट अगदी मागून एकेक खाच पुढे आणायची. चांगल्या सेन्सरमध्ये एका ठराविक खाचेला मागेचं पुढे होतं, आणि परत मागे नेलं की साधारण तिथेच परत बदलतं. पाच-सहा वेळा करून बघायचं, घाईघाईत नाही.

काहीही केलं तरी ओळ बदलतच नसेल आणि कोडही चालू नसेल तर सेन्सर आणि पत्र्याची गाठच पडत नाहीये, पत्रा वाकलाय किंवा सेन्सरचा बोल्ट ढिला झालाय किंवा सेन्सर एकाच स्थितीत अडकलाय. ओळ पुढे-मागे न दाखवता मधेच बिघाड दाखवते आणि तेही सीट पुढच्या टोकाला ओढल्यावर, म्हणजे तुमचीच गोष्ट, तर वायरीला ताण बसतोय. सीटखालचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका क्लिपने सीटच्या फ्रेमला बांधलेलं असतं, ती क्लिप तुटली की वायर लोंबते, रुळात अडकते, कधी सीट पुढे येताना तिच्यावरूनच जाते. सेकंडहँड गाडीत हे फार दिसतं कारण आधीच्या मालकाने सीट कव्हर घालताना सीट काढलेली असते आणि लावणाऱ्याला क्लिप कुठे जाते ते माहीत नसतं. आणि धुलाईवाले, व्हॅक्युमचं नळकांडं सीटखाली असं घुसवतात की विचारू नका.

गोव्यात आणखी एक भर म्हणजे ओल. ओल्या छत्र्या, रेनकोट, मोरजीहून आलेल्या पोरांच्या पायाची वाळू, सगळं त्या सीटखाली. खारट हवेत पिनेला हिरवट थर धरायला वेळ लागत नाही. म्हापशाच्या बाजारातून आणलेली बांगडा मासळीची पिशवी मागच्या बाजूला पायाशी ठेवली आणि ब्रेक मारल्यावर पाणी पुढच्या सीटखाली आलं, अशी गाडी आमच्याकडे येते, उघडताच वासावरून कळतं कोड कुठला असणार. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी असेल तर उंदीरही बघा, वायरीचं कव्हर त्यांना फार आवडतं.

सीटखाली हात घालायच्या आधी मात्र इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीचं मायनस टोक काढायचं आणि थांबायचं. ईसीयूच्या आत कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो, ती ओसरायला वेळ द्यायचा. टोयोटाच्या मॅन्युअलांत ९० सेकंद लिहिलेलं असतं, होंडाच्या ३ मिनिटं, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघायचं आणि शंका असेल तर जास्तच थांबायचं. सीटखाली जे पिवळे कनेक्टर दिसतात ते साईड एअरबॅगचे आणि बेल्ट ओढणाऱ्या प्रीटेन्शनरचे, त्यांच्यात मल्टिमीटरची पिन कधीही घालायची नाही, मीटर ओहमवर ठेवला की तो स्वतः बारीकसा करंट सोडतो आणि तिकडे स्फोटक दारू भरलेली आहे. आणि खरं सांगायचं तर सीट पोझिशन सेन्सरलाही ओहम लावून काही कळत नाही, आत चिप आहे, आकडा कसलाही येतो आणि त्यावरून सेन्सर गेला म्हणणारे मेकॅनिक मी बघितलेत.

मग नुसते डोळे आणि टॉर्च. सेन्सरचं कनेक्टर लॉक होऊन नीट बसलंय का, एखादी पिन मागे ढकलली गेलीय का, हिरवट-पांढरट काही आहे का, वायर कुठे चेपलीय का, रुळात नाणं, हेअरपिन, मोबाईल होल्डरचं चुंबक असलं काही पडलंय का. चुंबक तर खास, हॉल सेन्सरच्या शेजारी चुंबक पडलं तर तो काहीही सांगायला लागतो. पिना मळलेल्या असतील तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पॉलिश पेपरने घासू नका, पिनेवरचा मुलामा जातो आणि सहा महिन्यांत परत तेच. क्लिप नसेल तर हार्नेस सीटच्या सगळ्या हालचालीत मोकळं राहील असं बांधा, आणि बांधल्यावर सीट दोन्ही टोकांना नेऊन बघा. सगळे कनेक्टर लागल्याशिवाय इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर साईड एअरबॅगचा, बकलचा असे नवे कोड पडतात आणि गोंधळ वाढतो.

वायर आतून तुटलेली निघाली तर मधे कापून पिळून टेप मारणारे भेटतील. एअरबॅगच्या वायरीला बऱ्याच कंपन्या जोड चालवून घेत नाहीत, हार्नेसचा तेवढा तुकडाच बदलायला सांगतात, आणि ह्या बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे. एवढं सगळं नीट असूनही लाईव्ह डेटा बिघडलेलाच असेल तर सेन्सर बदला. काही मॉडेलमध्ये दोन्ही पुढच्या सीटना हा सेन्सर असतो आणि पार्ट नंबर एकच असतो, तर नवा घेण्याआधी डावा-उजवा बदलून बघता येतो, कोड त्याच्यामागे गेला तर सेन्सर गेला. तुमच्या गाडीत तसं आहे का ते पार्ट्सवाल्याला चासिस नंबर देऊन विचारा. सेन्सर जमिनीवर पडलेला घेऊ नका, आणि सीटचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळून घ्या, ते बोल्ट अपघातात तुम्हाला धरून ठेवतात.

ईसीयूचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोही सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वायर सलग आहे हे सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे, सगळी एअरबॅग कनेक्टर सोडवून तपासल्यावर. हे काम घरी करायचं नाही.

दिवा लागलेला ठेवून चालवू का म्हणता, तर गाडी चालेल हो, इंजिनला काही होत नाही. पण त्या दिव्याचा अर्थ टक्कर झाली तर सिस्टीम ठरवल्याप्रमाणे वागेल ह्याची खात्री नाही असा आहे, आणि ह्या गाडीत जवळ बसणाऱ्या तुम्हीच आहात. दुरुस्ती होईपर्यंत बेल्ट लावाच आणि जमेल तितकं मागे बसा, अमेरिकेतली एनएचटीएसए ही रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य ह्यांत १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगते. पाठ थोडी मागे कलती केली किंवा स्टिअरिंग खाली घेतलं तर बहुतेकांना जमतं.

प्रश्न: माझ्या हॅचबॅकला पण एअरबॅगचा दिवा लागलाय. यूट्यूबवर बघून सीट पोझिशन सेन्सर शोधला, सीटखाली सापडतच नाही. कुठे असतो? — फोंडा

उत्तर: सापडत नाही कारण नसेलच. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या हॅचबॅकमध्ये एका टप्प्याची एअरबॅग असते, तिला सीट पुढे आहे की मागे ह्याच्याशी घेणंदेणं नाही, मग सेन्सर लावायचा कशाला. यूट्यूबवरची गाडी अमेरिकेतली असणार. तुमच्या गाडीत सीटच्या बाजूचे संशयित वेगळे, बेल्टच्या बकलमधला स्विच, प्रीटेन्शनरचं कनेक्टर, आणि पॅसेंजर सीटच्या फोमखालची वजन ओळखणारी चटई, जी बहुतेक वेळा बेल्टची बीपबीप वाजवण्यासाठी असते. बकलमध्ये थंड पेय सांडलेलं असेल तर पहिला तोच. पण आधी कोड वाचून घ्या, शोधत बसू नका.

प्रश्न: मेकॅनिक म्हणतो सेन्सर नवीन नको, एक रेझिस्टर लावून देतो, दिवा कायमचा जातो. दोनशे रुपयांत काम. लावू का भाऊ? — मडगाव

उत्तर: नको रे बाबा. दिवा जाईल, तो खोटं बोलत नाहीये. रेझिस्टरने ईसीयूला एक ठराविक करंट दिसत राहतो, म्हणजे त्याला सीट कायम मागेच आहे असं वाटणार, किंवा कायम पुढेच. मागे असं वाटलं आणि चालवायला तुमची आई किंवा बायको जवळ बसली तर एअरबॅग पूर्ण जोरात तोंडावर येणार. पुढे असं वाटलं तर लांब बसलेल्या धिप्पाड माणसाला तिचा जोर कमी पडणार. वर दिवा बंद, म्हणजे गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला पत्तासुद्धा नाही. बिघडलेला सेन्सर निदान दिवा लावून सांगतो तरी. बल्ब काढून टाकणारे, दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडणारे, सगळे ह्याच जातीचे.

प्रश्न: रेंटला चालवलेली एक जुनी गाडी स्वस्तात मिळतेय. एअरबॅगचा दिवा लागत नाही, म्हणजे सिस्टीम ठीक ना? — कळंगुट

उत्तर: कधीच लागत नाही की सुरू करताना लागून विझतो, ते बघा. इग्निशन चालू केल्यावर तो दिवा काही सेकंद, बऱ्याच गाड्यांत ६ सेकंदांच्या आसपास, लागलाच पाहिजे आणि मग विझला पाहिजे, ती सिस्टीमची स्वतःची तपासणी असते. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी हात मारलाय, पैसे देण्याआधी एसआरएस स्कॅन करून घ्या आणि ईसीयूत टक्कर नोंदलेली आहे का तेही विचारा. गाडी कधी बनलीय ते बघा, भारतात ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या गाडीत एअरबॅग नसली तर दिवाही नसणार, ते वेगळं. पॅसेंजरच्या एअरबॅगची सक्ती त्यानंतरची, नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. रेंटच्या गाडीत सीट दिवसातून किती वेळा पुढे-मागे होते आणि किती ओले टॉवेल त्यावर बसतात हे तुम्हा कळंगुटवाल्यांना मी काय सांगणार, दोन्ही सीट टोकापासून टोकापर्यंत सरकवून, कार्पेट हाताने दाबून बघा, पाणी लागलं तर भावात घासाघीस करा नाहीतर सोडून द्या.

प्रश्न: नवीन लेदरचं कव्हर घातल्यापासून पॅसेंजर एअरबॅग ऑफचा दिवा बायको बसली तरी जात नाही. तिचं वजन कमी आहे असंही नाही! — एक वाचक, पर्वरी

उत्तर: हा प्रश्न छापतोय हे वहिनींना सांगू नका. तुमच्या गाडीत पॅसेंजर सीटला वजन ओळखायची सोय आहे, आणि जाड किंवा फार ताणून बसवलेलं कव्हर फोम आधीच दाबून धरतं, त्यामुळे हिशोब चुकतो. कव्हर काढून बघा, दिवा बरोबर वागला तर कव्हरच कारण. तसाच राहिला तर सीटखालचं कनेक्टर, वर डिचोलीच्या ताईंना सांगितलं तसंच, आणि काही गाड्यांत ह्या सेन्सरचं शून्य वजन स्कॅनरने परत शिकवावं लागतं, ते सीट रिकामी ठेवून करतात. कव्हर परत घालणार असाल तर सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का ते आधी बघा. असेल तर साईड एअरबॅग शिवण फाडून तिथूनच बाहेर येते, तिच्यावर साधं कव्हर ओढलं की ती अडते. त्यासाठी त्या बाजूला फाटणारी शिवण असलेली कव्हरं मिळतात, तीच घ्या, आणि बसवणारा सीटखाली हात घालत असेल तर शेजारी उभे राहा.